शेजारचा पोरगा पोलिसांनी उचलला तर काय करायचं

पहिल्या दोन-चार तासांत तुम्ही वकील असायची गरज नाही, तुम्ही फक्त पोलिस स्टेशनात जाऊन दिसायला पाहिजे. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभं राहून कोणीतरी "साहेब, अमुक नावाच्या मुलाला इकडे आणलंय का" एवढं विचारलं तरी आतल्या मुलाशी वागायची पद्धत बदलते, कारण ह्याच्या मागे माणसं आहेत हे आता आतल्यांना कळलेलं असतं. ज्याच्या मागे कोणी येत नाही त्याला जास्त मार बसतो. हे मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही, बघितलेलं आहे.

आपल्याकडे पोलिसांच्या मारहाणीचा विषय निघाला की दोनच सूर लागतात, एक "असल्यांना ठोकलंच पाहिजे" आणि दुसरा "सिस्टिमच तशी आहे रे", आणि दोन्ही म्हणणारे घरीच बसलेले असतात. २०२० च्या मे मध्ये तिकडे अमेरिकेत मिनियापोलिसला पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरला आणि जॉर्ज फ्लॉइड गेला तेव्हा आमच्या घाटकोपरच्या ग्रुपवर पण डीपी काळे झाले होते, आणि पुढच्याच महिन्यात तामिळनाडूत साथानकुलमला लॉकडाऊनमध्ये मोबाइलचं दुकान उघडं ठेवलं असा आळ घेऊन जयराज आणि बेनिक्स ह्या बापलेकाला ठाण्यात इतकं मारलं की दोघंही गेले, तेव्हा त्याच ग्रुपवर एक-दोन फॉरवर्ड आणि मग परत गुड मॉर्निंग. मी कोणाला नावं ठेवत नाहीये, मला एवढंच म्हणायचंय की डीपी बदलण्यापेक्षा उपयोगाचं एक काम आहे, ते शिकून घेण्यासारखं आहे आणि त्याला फार अक्कल लागत नाही, थोडा वेळ आणि थोडा निगरगट्टपणा लागतो.

निघायच्या आधी

उचलल्याची वेळ लिहा. कुठून उचललं, किती जण होते, वर्दीत होते की साध्या कपड्यात, गाडी कुठली (पोलिसांची पीटर गाडी होती का खासगी बोलेरो), नंबर दिसला असेल तर नंबर, बघितलं कोणी. हे सगळं लगेच व्हॉट्सॲपवर दोन-तीन जणांना पाठवून ठेवा, म्हणजे वेळेचा पुरावा आपोआप तयार होतो. हे एवढं का, तर राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे अटकेपासून २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायलाच लागतं, आणि खेळ नेहमी इथेच होतो, पोराला दुपारी उचलतात, "फक्त चौकशीला आणलंय" म्हणतात, आणि कागदावर अटक दाखवतात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधले तास कोणाच्याच हिशेबात नसतात आणि जो काही मार बसायचा तो त्याच तासांत बसतो.

एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा, पण वीस जण घेऊन पण जाऊ नका, मग तो मॉब होतो आणि तुमच्यावरच कलम लागतं. बरोबर एक बाई असू दे, एक जरा वयस्कर माणूस असू दे. मुलाच्या आधारची झेरॉक्स, चालू औषधं असतील तर ती, आणि मुलगा १८ च्या खालचा असेल तर जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला हा सगळ्यात महत्त्वाचा कागद, कारण त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, आणि "साहेब तो सोळाचाच आहे" असं तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. कुठल्या ठाण्यात नेलंय तेच कळत नसेल तर आधी आपल्या हद्दीतल्या ठाण्यात विचारा, मग शेजारच्या, मग क्राइम ब्रँचच्या युनिटला, आणि ११२ ला पण फोन करा, निदान कॉलची नोंद राहते.

आत गेल्यावर

आवाज चढवायचा नाही. हे मी पोलिसांचं मन राखायला सांगत नाहीये, आवाज चढला की तुमचा विषय बाजूला पडतो आणि "सरकारी कामात अडथळा" हा नवीन विषय सुरू होतो. टेबलावर बसलेला हवालदार बहुतेक वेळा स्वतःच बारा तास ड्युटी करून वैतागलेला असतो, त्याला नीट "साहेब" म्हणून विचारा, तो अर्धी माहिती तिथेच देतो, कधीकधी तर "वकील घेऊन या लवकर" असं हळूच सुचवतो पण. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्यांना हे सांगायला नको, तिकडे पोलिसांची बिऱ्हाडं आणि आंदोलनवाल्यांची बिऱ्हाडं पिढ्यानपिढ्या शेजारी-शेजारी राहिली, आणि १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या दलित-सवर्ण दंगलीत तेच शेजार कसं फाटलं तेही जुन्या माणसांना आठवतं.

विचारायचे प्रश्न साधे आहेत पण ह्याच क्रमाने विचारा. अटक केलीय की चौकशीला बोलावलंय? अटक नसेल तर नोटीस दिलीय का? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे असतात त्यात आधी नोटीस देऊन बोलवायचं, अटक करायचीच असेल तर ती का लागते ते कारण लिहायचं, असं आहे, नवीन कायद्यात म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५ आहे, जुने वकील अजून एक्केचाळीस-ए म्हणतात. अटक केली असेल तर गुन्हा नंबर काय, कलमं काय, तपास अधिकारी कोण. अटकेचा मेमो झाला का आणि त्यावर साक्षीदार म्हणून सही कोणाची? हा मेमो घरच्या माणसाच्या नाहीतर वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाच्या सहीने करायचा असतो, १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून आहे हे, आता कलम ३६ मध्ये आहे. म्हणजे बघा, सुप्रीम कोर्टाला पण शेवटी हेच सुचलं की बाहेरचा एक माणूस त्या कागदावर पाहिजे. सही करायच्या आधी मेमोवरची तारीख-वेळ वाचा, आणि तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकलेल्या वेळेशी जुळत नसेल तर सहीच्या बाजूला खरी वेळ लिहा आणि मगच सही करा. "इथे काही लिहायचं नसतं" असं सांगतील. लिहायचं असतं.

अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, आरोपीला कळेल अशा भाषेत. वरळीच्या बीएमडब्ल्यू हिट अँड रन केसवरून नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लावून टाकलं, निदान रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागायला कोर्टात उभं करतात त्याच्या, दोन तास आधी तरी ती लेखी कारणं हातात पाहिजेत. गंमत बघा, हक्क मिळाला महागड्या गाडीच्या केसमधून, पण तो आपल्या कुर्ल्याच्या पोराला पण तेवढाच लागू आहे, फक्त त्याच्यासाठी तो मागायला कोणीतरी जायला पाहिजे.

आतल्या मुलापर्यंत एक निरोप पोचवायचा प्रयत्न करा, कोऱ्या कागदावर सही करू नको. पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, आणि पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे मार खाऊन काही बोलला असेल तर त्याने सगळं संपत नाही हे त्याला कळलं पाहिजे. फोन घेतला असेल तर पंचनामा मागा, जप्तीचं व्हिडिओ शूटिंग आता बंधनकारक आहे. आणि साक्ष द्यायला म्हणून बहिणीला किंवा आईला ठाण्यात बोलावत असतील तर नाही म्हणा, बायकांचा साक्षीदार म्हणून जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, फारच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

आडनावाचं काय करायचं

आता जे लिहितोय त्याला कलम नाही. एकदा आमच्या इथल्या एका कचरा वेचणाऱ्या मावशींच्या भाच्याला मोबाइल चोरीच्या संशयावरून नेलं होतं, मावशी पारधी समाजातल्या, मी त्यांच्याबरोबर गेलो. ठाण्यातल्या साहेबांनी आधी मला नाव विचारलं, मी पूर्ण नाव सांगितलं, लगेच "बसा ना सर" आणि खुर्ची. मावशींना, ज्यांचा भाचा आत होता त्यांना, "ए, तू तिकडे बाहेर थांब". मी बसलो नाही, म्हटलं आधी ह्यांना बसू द्या, बोलणार त्याच आहेत. साहेबांना आवडलं नाही पण दुसरी खुर्ची आली. तेवढ्याने काही क्रांती झाली नाही, भाचा दुसऱ्या दिवशी सुटला पण पाठीवर वळ घेऊनच सुटला.

तर अमेरिकेत जे रंगावरून होतं ते आपल्याकडे आडनावावरून, वस्तीवरून, दाढीवरून, भाषेवरून होतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला आणि तरी आजही चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते. २०२५ मध्ये बंगाली बोलणारे मजूर बांगलादेशी म्हणून उचलले गेले, त्यातले काही सीमेपलीकडे ढकलले आणि मग ते आपलेच नागरिक निघाले म्हणून परत आणावे लागले. हे नातं जोडायला कोणा परदेशी विद्वानाची गरज नाही, मुंबईतल्या पोरांनी १९७२ मध्येच अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर ह्या काळ्यांच्या संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर काढली होती, त्यांना तेव्हाच कळलेलं होतं की मार खायची जागा एकच आहे.

मग करायचं काय, तर तुमचं आडनाव, तुमचं इंग्रजी, तुमचं ऑफिसचं आयकार्ड हे तिथे चालतं हे उघडच आहे, ते वापरा, लाजू नका, फक्त त्या मुलाच्या घरच्यांच्या वतीने बोलत सुटू नका. तुम्ही दार उघडून द्यायचं, बोलायचं त्यांनी. आणि पोलिसांनी जातीवरून शिवी दिली तर ती जशीच्या तशी लिहून ठेवा, कोण ऐकत होतं ते पण लिहा, अॅट्रॉसिटीच्या कलमाला चारचौघांत बोलल्याचा पुरावा लागतो. "काहीतरी घाण बोलले" असं तक्रारीत लिहिलेलं कोर्टात टिकत नाही.

कोर्टात

शुक्रवारी संध्याकाळी उचललं की "आता सोमवारीच" असं सांगतात, ते खोटं आहे, सुट्टीच्या दिवशी पण रिमांडला कोर्ट असतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आरेच्या झाडांसाठी गेलेल्या २९ जणांना शनिवारी अटक झाली आणि जामीन रविवारी सुट्टीच्या कोर्टातनंच मिळाला. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करा, कोर्टातच त्यांचं ऑफिस असतं. वकिलाला वकालतनाम्यावर मुलाची सही लागते, ती लॉकअपमधूनच घ्यावी लागते, त्याला वेळ जातो म्हणून रात्रीच सांगून ठेवा.

मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" आणि दहातली नऊ पोरं "नाही" म्हणतात, कारण बाजूला तेच पोलिस उभे असतात आणि कोठडी मिळाली तर रात्री परत त्यांच्याकडेच जायचं असतं. हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण आहे. वकिलाने आधी भेटून त्याला सांगायला हवं की मारलं असेल तर इथेच बोल, शर्ट वर करून दाखव, आणि वकिलाने ते कोर्टाच्या रोजनाम्यात (त्या दिवशीच्या नोंदीत) लिहून घ्यायला हवं, मेडिकल परत करायची मागणी करायला हवी. तुम्ही कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा. पोराला ओळखीचा चेहरा दिसला तर तोंड उघडायची शक्यता बरीच वाढते.

मार बसला असेल तर

सुटल्यावर घरी नेऊन हळद-दूध पाजायच्या आधी राजावाडी, सायन, केईएम, जे.जे., जे जवळ असेल तिकडे सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात न्या. डॉक्टर विचारतील कसं लागलं, तिथे "पडलो" म्हणायचं नाही, "पोलिसांनी मारलं, अमुक तारखेला, पट्ट्याने, इथे" असं सांगायचं आणि केस पेपरवर तसंच लिहिलंय का ते वाचूनच उठायचं. एमएलसी (मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) करायला सांगा. तळपायावर मारलेलं थोड्या दिवसांत दिसेनासं होतं, म्हणून तळवे मुद्दाम दाखवा. फोटो काढताना एक फोटो चेहऱ्यासकट काढा, नुसत्या वळांचा फोटो कोणाचाही असू शकतो. अटकेत असताना झालेल्या वैद्यकीय तपासणीची कॉपी मिळायचा हक्क आहे, ती पण मागा.

व्हिडिओबद्दल

फ्लॉइड गेला त्या दिवशी पोलिसांचं पहिलं निवेदन होतं त्यात वैद्यकीय कारणाने माणूस दगावला अशा अर्थाचं लिहिलं होतं. गुडघ्याचा उल्लेख नव्हता. डार्नेला फ्रेझर नावाच्या १७ वर्षांच्या मुलीने फूटपाथवरून शूटिंग केलं नसतं तर तेच निवेदन खरं ठरलं असतं, आणि गुडघा ठेवणाऱ्या डेरेक शॉविन ह्या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा वगैरे काही झालं नसतं. आमच्या इथे रमाबाई नगरला ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाने गोळ्या घातल्या, १० माणसं गेली. टँकर पेटवणार होते म्हणून गोळीबार केला असं सांगितलं गेलं, आणि त्यावर आयोग, कोर्ट करत करत अधिकारी दोषी ठरायला २००९ उजाडलं. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असता तर काय झालं असतं हा विचार मी त्या हायवेवरून जाताना करतो, आणि मग आठवतं की कॅमेरे असून पण बऱ्याचदा काहीच होत नाही.

तरी शूट करा. लांबून, मध्ये न पडता, फोन आडवा धरून, सुरुवातीला वेळ आणि जागा बोलून. बक्कल नंबर किंवा नावाची पट्टी येईल असं बघा. ठाण्याच्या आत शूटिंग केलं म्हणून सरकारी गुपितांच्या कायद्याखाली (ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट) गुन्हा लावत असतील तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय की पोलिस ठाणं हे त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही. हे तिथे उभं राहून हुज्जत घालायला सांगत नाहीये, फोन हिसकावतील, वकिलाला सांगायला उपयोगी आहे. आणि व्हिडिओ लगेच पब्लिक टाकू नका, त्यात मार खाणाऱ्याचा चेहरा असतो, त्याला विचारा. मूळ फाइल तशीच ठेवा, व्हॉट्सॲपवर गेलेली कॉपी दाबून बारीक होते.

मोर्चाला जाताना

मुंबईत मोर्चाला जागा म्हणजे आझाद मैदान, त्यातला ठरवून दिलेला तुकडा, आणि परवानगी पोलिसांची. ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आंदोलनाला एक दिवस, ५,००० माणसं, संध्याकाळी ६ पर्यंत अशी परवानगी होती आणि माणसं २ सप्टेंबरपर्यंत तिथेच होती. गर्दी मोठी असली की नियम लवचिक होतात, पंधरा जणांचा घोळका मात्र पाच मिनिटांत बसमध्ये भरला जातो. पंधरा जणांतले असाल तर वकिलाचा नंबर बॉलपेनने हातावर लिहा, फोन काढून घेतल्यावर पाठ कोणालाच नसतो. जमावबंदी लागू आहे का ते आधी बघा, मुंबईत ती बहुतेक वेळा असतेच. बसमध्ये बसवलं तर आत बसलेल्या सगळ्यांची नावं एकाने लिहून बाहेर पाठवायची. बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या ६८-६९ खाली ताब्यात घेतात आणि संध्याकाळी सोडतात, पण कोणाला मागे ठेवलंय का ते मोजल्याशिवाय घरी जाऊ नका, मागे ठेवलेला बहुधा वस्तीतला पोरगा असतो, कॉलेजवाले सुटलेले असतात.

तक्रार

ज्या ठाण्यात मारलं तिथेच तक्रार घेत नाहीत, साहजिक आहे. लेखी अर्ज सीनियर पीआयला (ठाण्याच्या मुख्य इन्स्पेक्टरला), कॉपी डीसीपी आणि पोलिस आयुक्तांना, पोच घ्या, शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्ट. त्यातच सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा अशी तारीख-वेळ देऊन मागणी करा, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या ठाण्यांत, लॉकअपसकट, कॅमेरे लावा आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा असं सांगितलंय, पण "कॅमेरा बंद होता" हे उत्तर इतकं ठरलेलं आहे की अर्ज पहिल्या आठवड्यातच गेला पाहिजे. मग गुन्हा नोंदवायचा आदेश मागायला मॅजिस्ट्रेटकडे, वकील त्याला अजून एकशेछप्पन-तीनच म्हणतात, आता ते १७५ आहे, आणि नवीन कायद्यात सरकारी नोकराविरुद्ध आदेश द्यायच्या आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवायची पायरी घातलीय, म्हणजे वेळ आणखी वाढला.

कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी होतेच आणि २४ तासांत मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं, पण तेवढ्यावर गुन्हा दाखल होतो असं समजू नका. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर धरपकड झाली, त्यात कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी, वडार समाजातला, न्यायालयीन कोठडीत असताना मेला, आणि गुन्हा नोंदवा हा हायकोर्टाचा आदेश यायला जुलै २०२५ लागला, तोही आई कोर्टात गेली म्हणून. त्याच परभणीचा ख्वाजा युनूस, २००२ च्या घाटकोपर स्फोटानंतर पकडलेला, जानेवारी २००३ मध्ये मुंबई पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला, त्याच्या आईने वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि निलंबित झालेले पोलिस २०२० मध्ये परत नोकरीत घेतले गेले. म्हणून कागद एका फाइलमध्ये ठेवा, दोन झेरॉक्स वेगळ्या घरांत ठेवा, हे लांब चालणार आहे.

राज्य मानवाधिकार आयोगाचं ऑफिस सीएसएमटीसमोरच आहे, तक्रार साध्या कागदावर मराठीत लिहिली तरी चालते, वकील लागत नाही, फी नाही, फक्त घटनेपासून एक वर्षाच्या आत द्यायची. पोलिस तक्रार प्राधिकरणाचं ऑफिस पण मुंबईतच आहे, दोन्हीकडे द्या, पण कोर्टात केस चालू असेल तर अर्जात ते स्पष्ट लिहा, त्या कारणावरून फाइल बंद होऊ शकते.